लाल चिमटा

दातांच्या डॉक्टरची बेल मी दाबली, आणि दार उघडेपर्यंत बोट उचललं नाही. दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात ब्रश होता. माझ्या तोंडात जे होतं ते मी तिथल्या तिथे बाहेर काढलं.

"कुणाला विचारून काढलीत हो?"

"काय काढलं, काकू?" तो फेसासकट म्हणाला.

"माझी केबल. माझी काढून आपली लावलीत. निम्मीच भरलीय माझी गाडी. आणि मी काल लाल चिमटा लावून ठेवला होता. लाल. दात बघता ना तुम्ही, मग रंग दिसत नाहीत का?"

आता हा चिमट्याचा कारभार सांगायला हवा. आमच्या इमारतीत विजेवरच्या गाड्या दोन, एक माझी आणि एक ह्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरची. खाली पार्किंगमध्ये चार्जिंगचं सॉकेट मात्र एकच. दुसरं बसवा म्हणून मी सोसायटीच्या मागे हात धुऊन लागले, पण "विचार चालू आहे" हे एकच उत्तर ऐकून माझे उरलेसुरले केसही पिकले. मग आम्ही दोघांनी आपापसात एक रीत पाडली. केबलला पिवळा चिमटा म्हणजे माझं काही अडलेलं नाही, तुला लागेल तेव्हा काढ. लाल चिमटा म्हणजे उद्या लांब जायचंय, हात लावायचा नाही. चिमटाच नसेल तर पिवळा आहे असं समजायचं. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे, पण त्यांच्यावर आमचं दोन वर्षं न भांडता चाललं होतं.

डॉक्टरने ब्रश बाजूला ठेवला, चूळ भरली आणि मला आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. खाली मागच्या अंगणात माझी कपड्यांची दोरी दिसत होती. दोरीवर माझा निळा रेशमी स्कार्फ वाऱ्यावर उडत होता, आणि तो उडून जाऊ नये म्हणून त्याला एक चिमटा लावलेला होता.

"लाल म्हणता तो हाच का, काकू?"

काल संध्याकाळी एक चिमटा कमी पडला होता. रेशीम हलकं, वारा जोरात. केबलचा काढला, 'दुसरा घेऊन येते आणि हा परत लावते' म्हणाले, वर गेले, आणि गॅसवर दूध उतू चाललं होतं. पुढचं काही डोक्यात राहिलं नाही. चूक माझी होती, शंभर टक्के माझी. मी "बरं" म्हणाले. ह्याहून मोठी माफी मागायला मला जमत नाही, आणि डॉक्टर भला माणूस असल्यामुळे त्याला तेवढी पुरली.

खाली आले, दोरीवरचा स्कार्फ काढून गळ्यात टाकला, तर ताई गाडीत बसून पट्टा लावून तयार. ताई माझी थोरली बहीण. मागच्या गल्लीत राहते, गुडघे दोन्ही गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र शाबूत.

"किती भरलीय मुकी?" तिने विचारलं. गाडीला आवाज नाही म्हणून ताईने तिचं नाव मुकी ठेवलंय.

"सत्तावन्न टक्के."

"पोचतो का आपण तेवढ्यात?"

"नाही. वाटेत चार्जर आहे, तिथे भरू."

"आणि तिथे नाही झालं तर? मागच्या वेळेसारखं?"

"ताई, सकाळी सकाळी शुभ बोल."

मागच्या वेळी म्हणजे हिवाळ्यात आम्ही दोघी अशाच निघालो होतो. वाटेतला चार्जर बंद निघाला, आणि पुढे रस्त्याच्या कडेला गाडी गप्प उभी राहिली. मी मुलाला फोन केला. तो काम टाकून आला, गाडी ट्रकवर चढवली, आम्हाला घरी आणलं, जेवूखाऊ घातलं. आणि मग सूनबाईंच्या देखत म्हणाला, "आई, तुझं वय अडुसष्ट. आता पुरे. पुन्हा जर असा अडकल्याचा फोन आला, तर चावी माझ्याकडे द्यायची. कबूल?" रागाच्या भरात मी म्हणाले, "कबूल." मी शब्द दिला की दिला. हा काही माझा गुण नाही, खोड आहे.

लोकांना वाटतं म्हातारीला गाडीची हौस. हौस कसली? हे होते तेव्हा तीस वर्षं मी बाजूच्या सीटवर काढली. स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही. "तू नकाशा बघ," म्हणायचे. नकाशा मी बघायचे, रस्ता ते चुकायचे. वळणावर गाडी जोरात घेतली की माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जसा काही तिथे ब्रेकच आहे. त्यांची गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, बाजूच्या सीटखालची चटई एवढी फाटली कशी? मी म्हटलं, उंदीर असेल. ते गेल्यावर साठीत मी गाडी शिकले आणि पोस्टातून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून ही मुकी घेतली. गिअर नाही, क्लच नाही, पेट्रोलपंपावर उभं राहायला नको. घरी आलं की फोनसारखी लावून टाकायची.

पण खरी गोष्ट ताईची आहे. ताईला बसची पायरी चढवत नाही. टॅक्सीवाले "आजी, चला, चला" करून तिला घाबरवतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बाजारात, नाहीतर नुसतंच तळ्याकाठी हवा खायला, तिला मीच नेते. चावी गेली तर मी बसने फिरेन, माझं काही बिघडत नाही. ताई मात्र घरात बसेल. घरात बसलेल्या माणसाचं काय होतं ते आम्ही दोघींनी आमच्या आईच्या बाबतीत पाहिलंय. त्यावर आम्ही बोलत नाही, पण दोघींनाही ते आठवतं.

आणि आज जायचं होतं ते माझ्या नातीच्या नाटकाला. तिला घरात मिरची म्हणतात, ते का, हे पाच मिनिटं तिच्याजवळ बसलं की कळतं. शाळेचं नाटक होतं, जंगलातल्या पोस्टाचं. सगळे प्राणी पार्सलं घेऊन येतात आणि खिडकीवर बसते ती मिरची. महिनाभर ती फोनवर माझ्याकडून धडे घेत होती. शिक्का कसा मारायचा, चष्म्यावरून कसं बघायचं, लोकांना गप्प कसं करायचं. "आजी, तू पहिल्यांदा शाईवर मारायचीस की कागदावर?" शेवटी म्हणाली, "तू आली नाहीस तर मी खिडकी बंद करून बसेन." ती बसली असती.

तासभर केबल परत लावून जे काही चार थेंब मिळाले ते घेऊन आम्ही निघालो.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी सावकाश कडेची लेन धरली आणि एका अवजड ट्रकच्या मागे बेताचं अंतर ठेवून चालवायला लागले. पुढे ट्रक असला की वारा कमी लागतो आणि बॅटरी टिकते.

"बैलगाडी पुढे गेली असती एव्हाना," ताई म्हणाली.

"जाऊ दे."

"एसी तरी लाव. माझा रस्सा झालाय."

"एसी लावला तर नाटक बुडेल."

"काच खाली करते मग."

"काच खाली केली की वारा अडतो, बॅटरी जास्त जाते."

"श्वास घेऊ का? की त्यालाही बॅटरी जाते?"

मी तिला पुठ्ठ्याचा पंखा दिला. तो मी मुद्दाम गाडीत ठेवलेला असतो. ताई पंखा हलवत राहिली आणि मध्ये मध्ये, मी मागितलेलं नसताना, एक झोत माझ्याकडेही सोडत राहिली.

चार्जिंग स्टेशनवर दोन मशिनं होती. एकावर कागद चिकटवलेला, 'बंद आहे'. दुसऱ्यावर एक लाल गाडी लागलेली आणि गाडीवाला समोरच्या हॉटेलात. आम्ही थांबलो. त्याने पोटभर खाल्लं, हात धुतले, फोनवर कुणाशी तरी हसत हसत गप्पा मारल्या आणि मग आला. एवढ्यात माझा फोन वाजला. मुलगा.

"आई, कुठे पोचलात?"

"अर्ध्यात."

"बॅटरी किती आहे?"

"भरपूर."

ताईने पंखा हलवायचा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी फोन ठेवला. "भरपूर म्हणजे त्याच्या मानाने कमी, पण आपल्या मानाने भरपूर," मी म्हणाले. ताईने पंखा पुन्हा हलवायला घेतला, जरा जोरातच.

लाल गाडी निघाली. मी माझी पुढे घेणार तोच मागून एक भलीमोठी पांढरी गाडी वळसा घालून आली आणि थेट मशिनसमोर उभी राहिली. आतून इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला आणि त्याने चार्जरची गन हातात घेतलीसुद्धा.

"अहो, माझा नंबर आहे," मी खाली उतरून म्हणाले.

"मॅडम, मला फक्त दहा मिनिटं लागणार आहेत. मीटिंग आहे."

"रांगेत या."

त्याने आजूबाजूला बघितलं. "इथे रांग कुठे आहे?"

"मी उभी आहे ना, ती रांग."

चौतीस वर्षं पोस्टात खिडकीवर काढलीत मी. मंत्र्याच्या मेहुण्यापासून पहाटे दारू पिऊन आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना मी रांगेत उभं केलंय, आणि त्यातल्या कुणालाही तो आवाज दुसऱ्यांदा ऐकायची इच्छा झाली नाही. ह्यालाही झाली नाही. त्याने गन माझ्या हातात दिली. वर "सॉरी" म्हणाला.

मी गन लावली. मशिन गुरगुरलं, पडद्यावर हिरवी रेघ आली, आणि जरा वेळाने खट करून बंद पडलं. पुन्हा लावली. पुन्हा खट. तिसऱ्यांदा तर रेघसुद्धा आली नाही. मशिनवरच्या नंबरावर फोन केला तर एक गोड बाई माझा कॉल किती मोलाचा आहे ते सांगत राहिली आणि मध्ये बासरी वाजत राहिली. शेवटी मी बाजूला झाले आणि इस्त्रीच्या शर्टाला म्हटलं, "या, तुमचा नंबर." त्याच्या गाडीलाही मशिनने तेच केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रांग जिंकले होते आणि वीज हरले होते. परत फिरायला बॅटरी पुरणार नव्हती, आणि पुरली असती तरी मी फिरले नसते.

पुढे चढ होता. चढ म्हणजे ह्या गाडीचा वैरी. आकडा डोळ्यादेखत उतरायला लागला. मी पट्ट्याखाली ताठ बसले होते, जणू मी ताठ बसले की गाडी हलकी होणार होती. ताईने पर्समधलं चॉकलेट काढून अर्धं मला दिलं आणि अर्धं खाल्लं. "वजन कमी करतेय," म्हणाली. माथ्यावर पोचलो आणि पलीकडच्या उतारावर मी पाय उचलला. उतारावर पाय उचलला की गाडी स्वतःच थोडी वीज परत घेते. दोन टक्के मिळाले. जन्मात कुणी नोटा मोजल्या नसतील, इतक्या प्रेमाने मी ते दोन टक्के बघितले.

उतार संपला तिथे एक वस्ती लागली. दुकानं, एक बसथांबा, टायरवाला. गाडी दाखवत होती आठ टक्के. मुलाचं गाव अजून तीस किलोमीटर लांब होतं. मी गाडी कडेला घेतली.

"फोन कर," ताई म्हणाली.

"नाही."

"अगं, तो अर्ध्या तासात येईल. मिरची वाट बघतेय. नाटक बघ, चावी देऊन टाक. मी काय, बसेन घरी. रेडिओ आहे."

रेडिओ आहे, असं ती ज्या सुरात म्हणाली तो सूर मला सहन झाला नाही. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ताईवर नाही, मुलावरही नाही. ह्या गोष्टीवर, की पासष्टी उलटलेल्या बाईने एकदा अडकायचं आणि जन्मभराची चावी द्यायची. रस्त्यात पेट्रोल संपून किती पुरुष उभे राहिलेले मी पाहिलेत. त्यांच्या चाव्या कुणी काढून घेतल्या?

"तू बस इथे," मी म्हणाले आणि उतरले.

टायरवाल्याने मान हलवली, त्याच्याकडे वीजच गेली होती. त्याच्या पलीकडे एक लाँड्री होती. दारातूनच वाफ येत होती. मशिनचा आवाज येत होता, म्हणजे तिथे वीज होती, आणि चांगली दणकट होती. आत एक धिप्पाड बाई हॉटेलच्या पांढऱ्या चादरींच्या ढिगाऱ्यात उभी होती.

"तुमच्याकडे मोठं सॉकेट आहे का? अर्थिंग असलेलं?"

"आहे की. काय लावायचंय, आजी?"

"आजी मी एकाच मुलीची आहे. गाडी लावायचीय."

तिने इस्त्री उभी ठेवली. बाहेर येऊन मुकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आत बसून पंखा हलवणाऱ्या ताईकडे.

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

"बाई गं. माझी मोठी इस्त्री त्याच सॉकेटवर चालते. आणि आज कामाची मुलगी आली नाही. ह्या सगळ्या चादरी घड्या घालून आजच्या आज जायच्यात. तुमची गाडी बघू की चादरी?"

काच खाली करून ताईने मान बाहेर काढली. "घड्या मी घालते," ती म्हणाली. "बसून. मला खुर्ची द्या आणि चादरी माझ्या मांडीवर टाकत जा. इस्त्री छोटी चालवा आज."

मी ताईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. काठी घेऊन ती उतरायला लागली होती.

"विजेचे पैसे—" मी म्हणाले.

"राहू द्या," लाँड्रीवाली म्हणाली. "आधी बघू ह्यांची घडी कशी आहे."

घडी ताईची लहानपणापासून अशी कडक आहे की कागदाची वाटावी. पहिली चादर बघूनच लाँड्रीवालीने चहा टाकला. मी डिकीतून केबल काढली, लावली, मुकीच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला. मग तिच्या दोरीवरच्या चिमट्यांत शोधून एक लाल काढला आणि केबलला लावला.

"ह्याचा अर्थ काय?" लाँड्रीवालीने विचारलं.

"हात लावायचा नाही."

"कोण लावतंय इथे?"

"तरी," मी म्हणाले. आज मी कशावरच भरवसा ठेवणार नव्हते, माझ्यावर तर नाहीच.

"बस येईल आता," ताई दुसऱ्या चादरीचे कोपरे जुळवत म्हणाली. "जा तू."

"तुला एकटीला सोडून?"

"एकटी कुठे आहे? बाई आहे, मुकी आहे. मला मोतीबिंदूतून नाटक काय दिसणार, नुसते रंग. तू बघून ये आणि मला करून दाखव. आणि फोन केलास ना त्याला, तर तुझ्याशी बोलणार नाही."

मघाशी हीच म्हणत होती फोन कर.

बसची पायरी खरंच उंच होती. चढताना मला ताईचे गुडघे आठवले. खिडकीतून मागे बघितलं तर ती लाँड्रीच्या दारात खुर्चीत बसलेली, मांडीवर पांढरा ढीग, आणि हात चाललेले. कित्येक महिन्यांत मी तिचे हात असे चाललेले पाहिले नव्हते.

शाळेत पोचले तेव्हा नाटक सुरू झालं होतं. सभागृहात अंधार, खुर्च्या भरलेल्या. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. स्कार्फ घामाने मानेला चिकटला होता. स्टेजवर पुठ्ठ्याची खिडकी, आणि खिडकीत मिरची, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून. खिडकीसमोर ससा, हरीण, आणि एक कासव, त्याचं कवच पुनःपुन्हा घसरत होतं. मिरची काम करत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती प्रेक्षकांत शोधत होती. पहिल्या रांगेत माझा मुलगा आणि सूनबाई बसलेले दिसले, आणि त्यांच्या शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या.

मी गळ्यातला निळा स्कार्फ काढला आणि डोक्यावर धरून हलवला. शेवटच्या रांगेतली एक बाई "शुक" म्हणाली. मी तिच्याकडे माझ्या खिडकीवरच्या नजरेने बघितलं आणि हलवत राहिले.

मिरचीने तो पाहिला. तिने चष्मा वर सरकवला, पाठ ताठ केली, आणि शिक्का हाणला. आधी शाईवर, मग कागदावर. ठक ठक. अगदी माझा हात. तेवढ्यात सगळ्यांना ढकलत अस्वल पुढे घुसलं आणि म्हणालं, "माझं आधी घ्या, मला घाई आहे."

मिरचीने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ. "रांगेत या," ती म्हणाली.

लोक हसले, टाळ्या वाजवायला लागले. मी नाही हसले. खिडकी सोडताना मला निरोपाला एक घड्याळ मिळालं होतं आणि ते दुसऱ्याच वर्षी बंद पडलं. चौतीस वर्षांत मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या सगळ्या आत्ता एकदम वाजत होत्या, आणि मी भिंतीला टेकून घेतल्या.

नाटक संपल्यावर मिरची येऊन मला बिलगली, मग मैत्रिणींकडे पळाली. मुलगा मागोमाग आला.

"आई, कधी आलीस? मी पार्किंगमध्ये दोनदा बघून आलो. गाडी कुठेय? मावशी कुठेय?"

"दोघी लाँड्रीत आहेत."

"काय?"

मी सांगितलं. चिमट्यापासून चादरींपर्यंत. सूनबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या, आणि त्या हसतायत हे मला कळत होतं. मुलगा हसत नव्हता.

"म्हणजे अडकलीसच ना?"

"अडकले असते तर इथे असते का? मी तुला फोन केला?"

"नाही."

"मग?"

"का नाही केलास, आई? मी लगेच आलो असतो."

"आणि चावी घेतली असतीस."

त्याचं कपाळ त्याच्या बापासारखं आहे, राग आला की मध्ये उभी रेघ पडते. पण रेघ पडली नाही. तो थकल्यासारखा दिसला. "मला काय चावीचा सोस आहे?" तो म्हणाला. "तू गाडी घेऊन निघालीस की मी दर पाच मिनिटांनी फोन बघतो. दिवसभर कामात लक्ष लागत नाही."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून चावी द्यायची नसते.

"बघत जा," मी म्हणाले. "तू सायकलवरून गावभर हुंदडायचास, अंधार पडला तरी यायचा नाहीस, तेव्हा मीही घड्याळ बघायचे. मी दारात उभी राहायचे. तुझी सायकल नाही काढून घेतली."

त्याने खिशातून आपल्या गाडीची चावी काढली. मग सूनबाईंना म्हणाला, "तू मिरचीला घेऊन गाडीने घरी जा. मी आईबरोबर जातो."

"मी बसने जाणार आहे," मी म्हणाले.

"बसने तर बसने."

बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली. लाँड्रीशी उतरलो तेव्हा उजेड कलला होता. आत चादरींच्या घड्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. ताई मधोमध खुर्चीत बसली होती आणि लाँड्रीवाली तिला आपल्या नवऱ्याची कागाळी सांगत होती.

"ह्यांना इथेच ठेवून जा," ती मला म्हणाली. "मुलीला उद्यापासून सुट्टी देते."

"आठवड्यातून एकदा आणते," मी म्हणाले. बोलून गेले, आणि मग कळलं की मला ते खरंच करायचंय. ताईने खाली बघत शेवटची चादर पुन्हा एकदा दुमडली, जरी ती आधीच नीट होती.

लाल चिमटा होता तिथेच होता. पडद्यावर आकडा आला होता तेहतीस. रमतगमत मुलाच्या घरी पोचायला पुरेसा. मी चिमटा काढून लाँड्रीवालीच्या दोरीला परत लावला, केबल सॉकेटमधून ओढली. मागे वळले तर मुलगा हात पुढे करून उभा. पालथा नाही, उताणा. चावीसाठी.

"मी चालवतो, आई. तू दमलीयस."

दमले होते. कंबर धरली होती, पाय सुजले होते, आणि हे सगळं त्याला दिसत होतं. मी त्याच्या उताण्या हातावर केबल ठेवली.

"गुंडाळ," मी म्हणाले. "पीळ पडू देऊ नकोस."

त्याने हातातल्या केबलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग कोपराला वेढे घालत गुंडाळायला लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. तोवर मी ताईला मागच्या सीटवर बसवलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

तो बाजूच्या सीटवर बसला. त्याचे गुडघे पुढे आपटत होते. सीट मागे कशी घ्यायची ते त्याला माहीत नव्हतं, कारण ह्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता.

गाडी निघाली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई, एसी—"

"विचारू नकोस," ताई मागून म्हणाली आणि पुठ्ठ्याचा पंखा पुढे त्याच्या हातात दिला.

तो पंखा हलवत बसला. गावाबाहेरच्या मोठ्या वळणावर समोरून ट्रक आला. मला तो लांबूनच दिसला होता, मी सावध होतेच. पण माझी नजर सहज खाली गेली. मुलाचा उजवा पाय चटईवर दाबला गेला होता, टाच रोवून. त्याचं त्याला कळलंही नव्हतं. तो समोर बघत होता आणि ओठ घट्ट मिटून होता, एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून.

ट्रक निघून गेला, पुढे रस्ता मोकळा होता, तरी मी वेग कमी केला. पुढचं वळण अगदी सावकाश घेतलं. त्याच्या पुढचंही. हळूहळू त्याचा पाय चटईवरून उचलला गेला.